कोणाला, कधी, किती? स्टेरॉइड आणि सेप्सिसची सत्तर वर्षांची कहाणी

२०२१ चा रमजान एप्रिलच्या मध्यात सुरू झाला आणि १४ मे रोजी ईद आली. मधल्या त्या महिन्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या माणसांनी डॉक्टरांचे कितीतरी शब्द एकदम पाठ केले. सॅच्युरेशन, एचआरसीटी स्कोअर, रेमडेसिव्हिर आणि स्टेरॉइड. तरावीह घरात, इफ्तार घरात आणि हातातल्या मोबाइलवर गोळ्यांच्या याद्या. कोणाच्या तरी नातेवाइकाला मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी नेरळहून खोपोलीला आणि खोपोलीहून चौकला पोहोचायची. ताप आला की तीच यादी दुसऱ्याच माणसासाठी वापरली जायची. त्या यादीत बहुतेक वेळा एक स्टेरॉइड असायचं.

ते औषध चुकीचं होतं का? नाही. त्याच औषधाने त्या वर्षी जगभर लाखो जीव वाचवले. मग त्याने नुकसानही कसं केलं? याचं उत्तर एका वाक्यात सांगता येत नाही. त्यासाठी सत्तर वर्षं मागे जावं लागतं, कारण डॉक्टर मंडळीही या औषधाबाबत दोनदा फसली, दोनदा सावरली, आणि प्रत्येक वेळी एकच धडा नव्याने शिकली.

आधी आजार समजून घेऊ. ‘सेप्सिस’ हा शब्द आपल्या घरात क्वचितच कोणी उच्चारतं. ‘सगळ्या अंगात जहर पसरलं’, असं आपल्या खाला-चाची सांगतात. जखम चिघळली, न्यूमोनिया झाला, बाळंतपणानंतर ताप चढला, पावसाळ्यात भातखाचरात काम करताना लेप्टो झाला, अशा कुठल्याही संसर्गातून सेप्सिस होऊ शकतो. पूर्वी समजूत अशी होती की जंतू रक्तात शिरून अवयव खातात. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी जी नवी व्याख्या ठरवली, ती वेगळंच सांगते. संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर ताब्याबाहेर जातं, त्यात अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, तो सेप्सिस. म्हणजे घाव जंतूचाही असतो आणि आपल्याच प्रतिकारशक्तीचाही.

गावात रात्री चोर शिरला असं समजा. सगळे काठ्या घेऊन धावले. अंधार, आरडाओरडा, कोण कुठे आहे कळेना. चोर राहिला बाजूला आणि घरच्यांचीच डोकी फुटली. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड आणि फुफ्फुसं थकतात. रक्तदाब सावरण्यासाठी सतत औषध चालू ठेवावं लागतं, त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसं त्यात गेली, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

आता औषधाकडे वळू. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी दाखवून दिलं की या ग्रंथी नासल्या तर माणूस अशक्त होत होत मरतो. पुढे १९११ मध्ये वॉटरहाउस आणि १९१८ मध्ये फ्रिडेरिक्सन यांनी भयानक संसर्गात झटपट दगावलेल्या मुलांच्या नोंदी केल्या. त्या मुलांच्या याच ग्रंथींमध्ये रक्तस्राव झालेला होता. साहजिकच डॉक्टरांच्या मनात विचार आला की जबर संसर्गात या ग्रंथींचा रस कमी पडत असावा आणि तो बाहेरून दिला तर माणूस वाचेल.

पण तो रस हातात यायला १९४८ उजाडलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांना एक गोष्ट वर्षानुवर्षं खटकत होती. संधिवाताने जखडलेल्या बाईला दिवस गेले किंवा रुग्णाला कावीळ झाली की सांधे काही काळ मोकळे होतात. शरीरातच काहीतरी तयार होत असणार, असा त्यांचा कयास होता. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळा काढलेला एक पदार्थ सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताच्या एका स्त्री रुग्णाला टोचला. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. हे कॉर्टिसोन. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

जादूची कांडी सापडल्यासारखं झालं. लवकरच कांडीचं दुसरं टोकही दिसू लागलं. चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे संसर्ग आत वाढत असताना बाहेर ताप दिसत नाही. स्टेरॉइड प्रतिकारशक्तीच्या पेशींना गप्प बसवतं. दाह वाढवणारे निरोप पेशी एकमेकींना पाठवत असतात, ते निरोप लिहिण्याचं कामच ते पेशीच्या गाभ्यात जाऊन थांबवतं. सूज उतरते, वेदना थांबतात, माणसाला हुशारी वाटते. जंतू मात्र जागेवरच असतो.

तरीही सेप्सिसमध्ये हे औषध द्यायचा मोह पडणं स्वाभाविक होतं. घरचेच घरच्यांना मारत असतील तर त्यांच्या हातातल्या काठ्या काढून घ्या, इतका तो सरळ विचार होता. १९७६ मध्ये शिकागोचे शल्यचिकित्सक विल्यम शूमर यांनी १७२ रुग्णांचा अभ्यास छापला. स्टेरॉइड न मिळालेल्यांत १०० पैकी ३८ मेले, मिळालेल्यांत १० च. असा निकाल वाचल्यावर कोण थांबेल? जगभरच्या अतिदक्षता विभागांत सेप्टिक शॉक म्हटला की प्रचंड डोस सुरू झाला. प्रचंड म्हणजे किती? मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी १८०० मिलिग्रॅम. आज सेप्टिक शॉकमध्ये दिवसभरात मिळून जेवढं स्टेरॉइड देतात, ते याच मापात सुमारे ४० मिलिग्रॅम भरतं.

दहा वर्षं हे चाललं. मग १९८७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात दोन मोठे अभ्यास एकाच वेळी आले. एकात ३८२ रुग्ण होते, दुसऱ्यात २२३. कोणाला खरं औषध मिळतंय आणि कोणाला नुसतं पाणी, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. फायदा काहीच दिसला नाही. पहिल्या अभ्यासात तर स्टेरॉइड मिळालेले जास्त रुग्ण नंतरच्या नव्या संसर्गाने दगावले. मूत्रपिंडं आधीच थकलेल्यांचं नुकसान अधिक झालं. एका रात्रीत औषध बदनाम झालं.

असं का झालं, हे कळायला आणखी काही वर्षं लागली. सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्ती भडकते तशीच ती विझतेही. कधी आधी भडकते आणि मग विझते, कधी दोन्ही एकदमच चालू असतं. १९९० च्या दशकात रॉजर बोन यांनी (१९८७ चा तो पहिला अभ्यास त्यांचाच) शरीराच्या या उलट्या प्रतिक्रियेकडे लक्ष वेधलं. पुढे अमेरिकेतल्या रिचर्ड हॉचकिस यांनी सेप्सिसने मेलेल्या रुग्णांच्या प्लीहा तपासल्या, तेव्हा लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशीच मोठ्या संख्येने मरून गेलेल्या दिसल्या. आपल्या गावातल्या रात्रीच्या गोष्टीत सांगायचं तर मारामारी संपून सगळे थकून झोपले आहेत आणि चोर पुन्हा भिंतीवर चढतोय. अशा वेळी उरलेल्या दोघांच्या हातातल्या काठ्याही काढून घेतल्या तर काय होईल? १९८७ मध्ये तेच झालं होतं.

मग गोष्ट दुसऱ्यांदा वळली. २००२ मध्ये फ्रान्सच्या जिलाली अनान यांनी १९ अतिदक्षता विभागांतल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड दिलं, पण थोडं आणि सात दिवस. दाह चिरडून टाकायचा हेतू नव्हता. आजारात ग्रंथींचा जो रस कमी पडतो, तेवढाच भरून काढायचा होता. ज्यांच्या ग्रंथी तपासणीत अपुऱ्या ठरल्या, त्यांच्यातले मृत्यू ६३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आले. पुन्हा आशा जागी झाली. २००८ मध्ये ४९९ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासाने ती पुन्हा विझवली. रक्तदाब लवकर सावरला, पण जीव वाचण्यात फरक पडला नाही आणि नवे संसर्ग वाढले.

२०१८ च्या मार्च महिन्यात दोन मोठे निकाल एकत्र छापले गेले. एका अभ्यासात ३८०० रुग्ण होते, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, डेन्मार्क आणि सौदी अरेबियातले. मृत्यू जवळजवळ सारखेच राहिले, २७.९ आणि २८.८ टक्के. दुसरा अभ्यास पुन्हा फ्रान्सचा, १२४१ रुग्णांचा. त्यात मृत्यू ४९.१ वरून ४३ टक्क्यांवर आले. एकाच महिन्यात, एकाच नियतकालिकात, दोन वेगळी उत्तरं. दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच की स्टेरॉइडने शॉक लवकर ओसरतो. म्हणून आजचा सल्ला सावध आहे. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाबाचं औषध चालू ठेवावंच लागत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम द्यावं. साध्या सेप्सिसला सरसकट देऊ नये.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या रक्तपेशींमधली जनुकं तपासून त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची प्रतिकारशक्ती दबलेली होती, दुसऱ्याची बऱ्यापैकी जागी होती. जागी असलेल्या गटात हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांचे मृत्यू जास्त निघाले. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात, तोच ताप, तोच घसरलेला रक्तदाब. आत मात्र लढाई वेगळी चालू असते. अभ्यास लहान होता आणि त्यावरून आज कोणी उपचार बदलत नाही. पण सत्तर वर्षं उत्तरं उलटसुलट का येत राहिली, याचा धागा बहुधा इथेच आहे.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, एतिदाल. ना कमी ना जास्त, तोल सांभाळून. युनानी हकीम मिजाजाबद्दल बोलताना हा शब्द वापरतात. स्टेरॉइडची सगळी कहाणी या एका शब्दात बसते.

आता २०२० कडे येऊ. गंभीर कोविड हा एका अर्थाने विषाणूमुळे झालेला सेप्सिसच. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं आणि ४३२१ रुग्णांना नेहमीचे उपचार दिले. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात औषध न घेतलेल्यांचे मृत्यू १४ टक्के, तर घेतलेल्यांचे १७.८. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता, पण फायद्याची खूण तिथे कुठेच नव्हती. सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं. गंभीर रुग्णाला द्या, सौम्य आजारात देऊ नका.

स्वस्त, जुनं, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणारं औषध जीव वाचवतं, ही बातमी गरीब देशांसाठी ईदच्या चांदसारखी होती. आपल्या केंद्र सरकारने २७ जून २०२० रोजीच त्याला उपचारांच्या नियमावलीत जागा दिली. पण बातमी गावोगाव पोहोचता पोहोचता तिचं शेवटचं वाक्य गळून पडलं. ‘स्टेरॉइडने कोविड बरा होतो’ एवढंच उरलं. ऑक्सिजन लागत असेल तरच, ही अट व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्याच यादीत नव्हती. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं की सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेऊ नका, त्याने विषाणूला वाढायला वाव मिळतो.

पुढे जे झालं ते महाराष्ट्राने सर्वांत जास्त सोसलं. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. ही बुरशी मातीत, हवेत, सडक्या पाल्यात नेहमीच असते आणि धडधाकट माणसाचं काही बिघडवत नाही. मधुमेह, कोविडचा मार आणि वरून जास्त दिवस, जास्त प्रमाणात दिलेलं स्टेरॉइड, असे तिन्ही एकत्र आले की तिला रान मोकळं मिळतं. स्टेरॉइड साखर चढवतं, पहारेकरी पेशींना झोपवतं आणि बुरशी नाकातून डोळ्याकडे, डोळ्यातून मेंदूकडे सरकते. इशारा आधीच मिळालेला होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातल्या १६ रुग्णालयांनी या आजाराच्या २८७ रुग्णांची नोंद केली. त्यातले १८७ कोविड झालेले होते आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर हे एक कारण म्हणून पुढे आलं होतं. दुसऱ्या लाटेत तो इशारा वाहून गेला. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४३०० हून अधिक मृत्यू झाले. राज्यांमध्ये सर्वाधिक रुग्ण आपल्याकडे होते. कित्येकांचा जीव वाचला, पण डोळा किंवा जबडा गेला.

मे २०२१ मध्ये या आजाराची नोंद सक्तीची करायला केंद्राने राज्यांना सांगितलं, ते ज्या कायद्याखाली, तो १८९७ चा साथरोग कायदा. तो झाला होता मुंबईच्या प्लेगसाठी. त्याच वर्षी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना केली. आगाखान तिसरे यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा समाजाला धीर दिला. त्या तुलनेला आजच्या कसोट्या लागणार नाहीत आणि कैद्यांची संमती किती खुली होती, हा प्रश्नही राहतोच. पण एक गोष्ट मुंबईने तेव्हाच पाहिली होती. औषध किती कडक आहे याने काही ठरत नाही. घेतलेल्यांचं काय झालं आणि न घेतलेल्यांचं काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवल्यावरच खरं कळतं.

हे काम मोठ्या शहरातच होतं असं समजू नका. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, लहान मुलं फुफ्फुसात पाणी भरून दगावत होती. इतर औषधांबरोबर स्टेरॉइडही दिलं जायचं, कारण कडक आजाराला कडक सुई, अशी पद्धत होती. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेजवळ रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या. विषामुळे नेमकं काय होतं ते ओळखून प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण खाली आणलं. १९८२ मध्ये त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचूदंशात स्टेरॉइडचा उपयोग नाही, हे त्यांनी आपल्या लेखांत स्पष्ट लिहिलं आहे.

कर्जत-खालापूरला या सगळ्याशी काय घेणं? खूप आहे. इथे डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून आजही आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तालुक्याच्या दवाखान्यातून गंभीर रुग्ण पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईला धाडला जातो. सेप्सिसमध्ये योग्य अँटिबायोटिक मिळायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर महागात पडतो. अशा वेळी स्टेरॉइडची एक सुई फसवी ठरते. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, चहा मागतो, घरचे म्हणतात, ‘अल्हमदुलिल्लाह, फरक पडला.’ आणि मोठ्या दवाखान्यात जायचा बेत दुसऱ्या दिवसावर जातो. आत जंतू वाढतच असतो.

म्हणून सावधपणाची काही लक्षणं लक्षात ठेवा. संसर्ग झालेल्या माणसाचा श्वास जलद चालू लागला, तो बरळू लागला किंवा ओळख विसरू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर ताप असो वा नसो, वाट पाहू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. घरातल्या मधुमेही माणसाला स्टेरॉइड दिलं असेल तर साखर तपासत राहा.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. हा लेख वाचून कोणी दम्याचा, संधिवाताचा, ल्युपसचा चालू असलेला स्टेरॉइड स्वतःहून बंद केला तर ते अधिक धोक्याचं आहे. खूप दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की आपल्या ग्रंथी काम विसरतात. अचानक बंद केल्यास अ‍ॅडिसन यांनी पाहिलेली तीच अवस्था ओढवते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू.

भाषेच्या तासाला आम्ही मुलांना प्रश्नार्थक शब्द शिकवतो. कोण, काय, कधी, किती, कशासाठी. उर्दूच्या तासाला तेच कौन, क्या, कब, कितना, क्यों. स्टेरॉइडच्या बाबतीत जगातल्या हुशार डॉक्टरांनी सत्तर वर्षं ‘काय’ या एकाच प्रश्नात घालवली. औषध काय करतं, चांगलं की वाईट? उत्तर मिळू लागलं ते पुढचे प्रश्न विचारल्यावर. कोणाला द्यायचं, आजाराच्या कोणत्या दिवशी, किती आणि किती दिवस? हे प्रश्न डॉक्टरांना विचारायला डिग्री लागत नाही. पुढच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर किंवा दवाखान्यात तुमच्या माणसाच्या हातावर गोळी ठेवली जाईल, तेव्हा अदबीने एवढंच विचारा, ‘डॉक्टरसाहेब, यात स्टेरॉइड आहे का? कशासाठी, आणि किती दिवस?’ चांगला डॉक्टर रागावणार नाही.